महागडा माऊस घेऊ की ट्रॅकबॉल? मनगटही दुखतंय आणि माऊसही टिकत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरीत करसल्लागाराच्या ऑफिसात रोज आठ-नऊ तास बैठं काम. टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. उजव्या मनगटाची वरची बाजू दुखते, कळ कोपरापर्यंत जाते, आणि महिन्याच्या दहा ते वीस तारखेच्या मध्ये खांदाही भरून येतो. दोन वर्षांत तीन माऊस एका दाबाला डबल-क्लिक करायला लागले म्हणून टाकून द्यावे लागले, आणि आता वापरताय त्याचं रबर चिकट झालंय. बजेट चार हजारांपर्यंत. गेमिंगचा महाग माऊस घ्यावा, उभा घ्यावा की ट्रॅकबॉल, म्हणजे स्वतः जागेवर राहणारं, वरचा गोळा फिरवून पॉइंटर हलवायचं यंत्र, असं विचारलंय. शेवटी मनगटाखाली ठेवायच्या जेलच्या उशीबद्दलही विचारलंय, त्याकडे शेवटीच येतो.

मी पुण्यात सीएंच्या आणि डीटीपीवाल्यांच्या ऑफिसांतली मशिन्स सांभाळतो. बिघडलेले माऊस उघडणं हा त्यातला नेहमीचा भाग, आणि स्वतः बरीच वर्षं ट्रॅकबॉल वापरतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. हात दुखतो तो बहुतेक करून माऊस कुठे ठेवलाय आणि हातात कसा बसतो यामुळे. माऊस मरतो तो आतल्या एका बारीक पत्तीमुळे. पैसे जास्त मोजले की दोन्ही सुटेल असं गृहीत धरू नका. हाताला सुखाचा पण वर्षभरात डबल-क्लिक करणारा महाग माऊस मी पाहिलाय, आणि दगडासारखा टिकणारा पण हाताची वाट लावणारा स्वस्तही.

आधी हाताचं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे एक रेघ आखून घेऊ. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, रात्री त्यानं झोपमोड होत असेल, तर माऊसची खरेदी बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मनगटातली नस दबल्याची ती लक्षणं असू शकतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर दुसरी नस, पण सल्ला तोच. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं आणि अंगठ्याच्या बुडाशी जोरात कळ आली, तर अंगठ्याच्या कंडरांची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची, तक्रार असू शकते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ट्रॅकबॉल निवडताना ती निर्णायक ठरते. तुम्ही लिहिलेल्यात मुंग्या नाहीत, अंगठाही नाही. मनगटाची वरची बाजू, कोपर आणि खांदा आहे. म्हणजे हात उचलून धरण्याचा आणि लांब नेण्याचा ताण असावा, असं मला वाटतं.

आता तुमचं टेबल बघा. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटर टेबलांना खाली कीबोर्डचा सरकता कप्पा असतो. त्यात कीबोर्ड मावतो, माऊस मावत नाही, म्हणून माऊस वर टेबलावर जातो. मग उजवा हात डाव्यापेक्षा चार-पाच इंच उंच आणि वर पुढे ताणलेला. त्यात कीबोर्ड पूर्ण लांबीचा, म्हणजे उजवीकडे आकड्यांचा भाग, आणि माऊस त्याच्याही पलीकडे. दंड अंगापासून सुटलेला, खांदा किंचित वर, मनगट मागे मुडपलेलं. असं दिवसभर. तुमची उंची पाच फूट एक इंच, म्हणजे अडीच फुटांचं टेबल तुम्हाला मुळातच उंच. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, या दोन तारखांच्या मध्ये पोर्टलवर क्लिकांचा पाऊस पडतो आणि खांदा तेव्हाच बोलायला लागतो, यात मला नवल वाटत नाही.

यावर पैसे न घालता करायचं ते असं. कीबोर्ड कप्प्यातून काढून वर माऊसच्या पातळीला आणा. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर काटकोनात ठेवल्यावर हात टेबलाला जेमतेम टेकेल. पाय अधांतरी राहिले तर खाली पाट किंवा कागदाच्या रिमचं बंद खोकं ठेवा. कोपर अंगाशी राहिलं पाहिजे, एवढी एकच खूण धरा.

पुढचा सल्ला विचित्र वाटेल, पण हिशेबाचं काम करणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हाच देतो. माऊस डाव्या हाताला घ्या. तुमचा उजवा हात दिवसभर आकड्यांच्या भागावरून माऊसवर आणि परत असा ये-जा करतो. माऊस डावीकडे गेला की उजवा हात आकड्यांवरच राहतो आणि डाव्याला टेबलाची मोकळी जागा मिळते. डावीकडे आकड्यांचा भाग आडवा येत नसल्यामुळे माऊस अंगाच्या बराच जवळ येतो. पहिले काही दिवस हात गोंधळतो, शाळेत डाव्या हाताने लिहून पाहायचो तसा, मग बसतो. विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल करता येते, पण ती जोडलेल्या सगळ्याच माऊसना लागू होते. म्हणून मी सांगतो की अदलाबदल करू नका, डाव्या हाताच्या मधल्या बोटाने नेहमीचं क्लिक करायची सवय लावा. म्हणजे उजवीकडचा माऊसही जोडलेला ठेवता येतो आणि हात दुखेल तशी पाळी बदलता येते. दोन माऊस एकाच वेळी जोडले तर विंडोजची काहीच हरकत नसते.

एक छोटी तपासणी आत्ताच करा. माऊसवर हात ठेवा, क्लिक करू नका, नुसतं स्क्रीनवरचं वाचा. तुमची तर्जनी बटणावर टेकलेली आहे की हवेत? चुकून क्लिक होईल या भीतीनं पुष्कळ जण बोट तरंगतं ठेवतात. विशेषतः पोर्टलवर, जिथे एक चुकीचं क्लिक म्हणजे फॉर्म पहिल्यापासून. ते बोट उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला उगम पावतात आणि मनगटाच्या वरून जातात. तुमची कळ बरोबर त्याच रस्त्यानं जाते. ज्याचं बटण अगदी हलकं, त्याच्यावर बोट जास्त तरंगतं. म्हणून 'लोण्यासारखं मऊ क्लिक' ही जाहिरात तुमच्यासाठी गुण नाही. बोटाचं वजन पेलेल इतकं घट्ट बटण हवं.

वाचणारं काम असेल तेव्हा माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवा. आणि टॅलीत माऊस शक्यतो लागूच नये. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-जी दाबून नाव टाइप केलं की हवा तो रिपोर्ट उघडतो, कंट्रोल-ए नं एन्ट्री स्वीकारली जाते. तुम्हाला हे माहीत असणारच, पण टॅलीत मुरलेली माणसंसुद्धा हातात माऊस आहे म्हणून क्लिक करत बसलेली मी रोज बघतो.

आता आकार. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर असं माप तुम्ही दिलंय, हे छान केलंत. हा लहान हात. गेमिंगचे पुष्कळ माऊस मोठ्या हातांसाठी घडवलेले असतात. त्यात लहान हाताचा तळवा मागे लोंबतो आणि बोटं ताणून बटणापर्यंत न्यावी लागतात. दुकानात माऊस धरून बघताना एवढंच पाहा, तळवा टेकलेला असताना बोटांची टोकं बटणाच्या कडेपाशी न ताणता पोचतात का, आणि अंगठा-करंगळीनं तो उचलताना चिमटा घट्ट धरावा लागतो का.

उभ्या माऊसचा फायदा खरा आहे. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा हात राहतो आणि पुढच्या हाताची पिळवटलेली स्थिती सुटते. लॉजिटेक कंपनीचा लिफ्ट हा ५७ अंशांत कललेला, लहान-मध्यम हातांसाठी केलेला आणि त्याची डाव्या हाताची आवृत्तीही येते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. त्यात क्लिक आडवं होतं, त्यामुळे माऊस सरकू नये म्हणून अंगठा समोरून रेटत राहतो. आणि उंच असल्यामुळे कीबोर्डवरून घाईघाईत हात नेताना तो लवंडतो. मनगट पिळल्यासारखं वाटणं ही ज्यांची मुख्य तक्रार आहे त्यांना मी तो देतो. तुमचा मुख्य त्रास लांब नेलेल्या हाताचा आहे. माऊस उभा असला तरी तो तितकाच लांब राहणार.

ट्रॅकबॉलबद्दल लोकांचा एक समज असतो की ते वरच्या इयत्तेतलं काहीतरी आहे. तसं नाही. तो भार कमी करत नाही, हलवतो. मनगट आणि खांदा सुटतात, बोटं किंवा अंगठा कामाला लागतात. मुळात ही कल्पना माऊसपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ती काढली, आणि कॅनडाच्या नौदलाच्या डेटार यंत्रणेत १९५२ च्या सुमाराला चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. तुमच्या टेबलावर व्हाउचरं आणि फायली पसरलेल्या असणार. तिथे हातभर जागा न मागता एका जागी बसून राहणारं यंत्र ही मोठी सोय आहे, आणि ट्रॅकबॉलच्या बाजूनं माझं पहिलं मत त्यासाठीच आहे.

त्यात दोन जाती. अंगठ्यानं गोळा फिरवायचा, उदाहरणार्थ लॉजिटेकचा एर्गो एम५७५, ३४ मिलिमीटरचा गोळा. माऊसची सवय असलेल्याला हा पटकन जमतो. पण सगळं फिरवणं एकट्या अंगठ्यावर येतं, आणि तो फक्त उजव्या हाताचा आहे. वर सांगितलेली अंगठ्याची तक्रार ज्यांना आहे, किंवा जे दिवसभर मोबाइलवर अंगठ्यानं टाइप करतात, त्यांना मी हा घेऊ देत नाही. दुसरी जात बोटांनी फिरवायच्या गोळ्याची. केन्सिंग्टन कंपनीचा ऑर्बिट, गोळ्याभोवती स्क्रोलची कडी असलेला, ४० मिलिमीटरचा. किंवा त्यांचाच मोठा एक्सपर्ट माऊस, ५५ मिलिमीटरचा. हे दोन्ही बाजूंनी सारखे, म्हणजे डाव्या हातालाही चालतात. मोठ्या गोळ्यावर हात सैल पडतो, पण तुमच्या साडेसोळाच्या हाताला ५५ चा उंच पडेल, त्यात मनगट पुन्हा मागे मुडपेल. तुमच्यासाठी ४० चा.

ट्रॅकबॉलवर ओढण्याचं काम अवघड जातं. एक्सेलमध्ये शंभर ओळी निवडायच्या तर अंगठ्यानं बटण दाबून धरून बोटांनी गोळा फिरवावा लागतो आणि नेमकं तिथेच सुटतं. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या खान्यावर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक. कोरलड्रॉ या चित्रं-मांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना मात्र मी अजून ट्रॅकबॉल पटवू शकलो नाही, त्यांचं सगळं कामच ओढण्याचं. आणि गोळा काढून पुसावा लागतो. तो ज्या तीन बारीक मण्यांवर टेकतो त्यांच्याभोवती मळाची करडी कडी जमते, मग पॉइंटर अडखळतो. गोळा बाहेर काढून कापसाच्या काडीनं ते तीन मणी पुसले की झालं. 'खराब झाला' म्हणून माझ्याकडे आलेल्या ट्रॅकबॉलपैकी बरेच एवढ्यावरच परत जातात.

आता टिकण्याचं. डाव्या बटणाखाली एक लहान काळी डबी असते, तिला मायक्रोस्विच म्हणतात. आत तांब्याच्या मिश्रधातूची वाकवलेली पत्ती. दाबली की ती टक्कन उलटून दुसऱ्या टोकाला टेकते. टेकताना प्रत्येक वेळी ती क्षणभर थरथरते, आणि माऊसमधली चिप तेवढा थरथराट दुर्लक्षित करते. पत्तीचा ताण उतरला किंवा टोकावर गंज-काजळी धरली की थरथराट लांबतो, चिपला एका दाबाचे दोन दिसतात, आणि तुमच्याकडे एका क्लिकवर दोनदा फाइल उघडते. खोक्यावर 'एक कोटी क्लिक' लिहिलेलं असतं. दिवसाला पाच हजार क्लिक धरले, वर्षाचे तीनशे दिवस, तर तो साडेसहा वर्षं चालायला हवा. चालत नाही, कारण पत्ती तुटण्याआधीच टोकाचा संपर्क बिघडतो. माऊसमधून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की टोकावर धरलेला थर जाळून साफ करायची ताकद त्याच्यात नसते. त्यात तुमच्याकडची खारी, दमट हवा. कोकणात आणि मुंबईत हा आजार पुण्यापेक्षा लवकर लागतो, हा माझा अनुभव आहे.

रबराचं चिकट होणंही त्याच हवेचं. त्या मऊ लेपाचं दमटपणानं विघटन होतं, तुमच्या हाताच्या घामाचा दोष नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन घासलंत तर लेप निघून खालचं प्लास्टिक लागेल आणि माऊस वापरता येईल. पुढचा घेताना मऊ रबरी स्पर्शाच्या वाटेला जाऊ नका, खरखरीत कडक प्लास्टिक घ्या.

गेमिंगच्या माऊसचं एक मात्र मान्य करतो. त्यातल्या काहींमध्ये पत्ती-टोकाच्या ऐवजी प्रकाशाचा किरण अडवून क्लिक ओळखणारे स्विच असतात. रेझर कंपनीनं २०१९ च्या व्हायपर या माऊसपासून ते वापरायला सुरुवात केली. धातूला धातू टेकवून क्लिक ओळखायचाच नाही म्हटल्यावर वर सांगितलेला डबल-क्लिकचा रोग त्यांना होत नाही. व्हायपरसारखा दोन्ही बाजूंनी सारखा आणि हलका आकार असेल तर हा डाव्या हातालाही चालतो. बाकी डीपीआयचे, म्हणजे हाताच्या हालचालीला पॉइंटर किती धावतो त्याचे, वीस-पंचवीस हजारांचे आकडे तुम्हाला काही कामाचे नाहीत. एका स्क्रीनला हजार-दीड हजार पुष्कळ होतात.

वायरलेसबद्दल थोडक्यात. एका टेबलावरच राहणार असाल तर तारेचा घ्या. बॅटरी गळायची भीती नाही, आणि सीपीयूच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टाशेजारी लावलेला डोंगल (वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर) अडखळण्याचा त्रासही नाही.

मग चार हजारांत मी काय करीन? पूर्ण रक्कम एका वस्तूत घालणार नाही. पाचशेच्या आतला, दोन्ही बाजूंनी सारखा, तारेचा साधा माऊस आज घेईन आणि डावीकडे लावीन. टेबल-खुर्ची वर सांगितल्याप्रमाणे करून एक पूर्ण महिना, म्हणजे ११ आणि २० या दोन्ही तारखा, त्यावर काढीन. खांदा सुटला पण मनगट तसंच राहिलं, तर उरलेल्या पैशांत बोटांचा ४० मिलिमीटरचा ट्रॅकबॉल. त्याची किंमत हलत राहते, बजेटच्या आगेमागे होईल. दोन्ही सुटलं, तर काहीच घेऊ नका. यातलं 'मनगट तसंच राहिलं तर' हे तुमच्या हातावर अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही.

नवीन काहीही घेतलंत की परत करायच्या मुदतीतच तपासा. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी बटण दाबून धरा आणि निवडीचा चौकोन सावकाश मोठा करत न्या. मध्येच सुटला तर स्विच सदोष. लांब एक्सेल उघडून चाक हळू खाली फिरवा. मध्येच एखादी ओळ वर उडी मारली तर चाकाचं फिरणं मोजणारा भाग, म्हणजे एन्कोडर, सदोष. आणि जुने तीन फेकण्याआधी फोल्डर ऑप्शनमध्ये 'एका क्लिकवर उघडा' चालू नाही ना, हे बघा. हसू नका, त्या एका खुणेपायी टाकून दिलेले चांगले माऊस मी पाहिलेत. खरंच स्विच गेला असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे सोल्डरिंगचं यंत्र असतंच. तीन पायांचा मायक्रोस्विच पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटा मिळतो. माऊसचे स्क्रू बहुधा तळाच्या घसरपट्ट्यांखाली दडलेले असतात, तेवढं त्याला सांगा. साध्या माऊससाठी हा खटाटोप परवडत नाही, ट्रॅकबॉलसाठी नक्की परवडतो.

राहिली जेलची उशी. मनगटाखाली ठेवू नका. ज्या नसेला जपायचं, तीच त्यानं दबते, आणि मनगट एका जागी रुतलं की सगळं फिरवणं तिथूनच होतं. ठेवायचीच असेल तर तळव्याच्या गादीखाली, तीही थांबलेल्या हातासाठी. माऊस हलवताना हात उशीवरून उचललेला हवा. ट्रॅकबॉल घेतलात तर मात्र हात हलतच नसल्यामुळे त्याच्यासमोर तळव्याखाली बेताच्या उंचीची उशी चालेल.